बांडगूळ कोणाला म्हणता?

“फादर, आत्मे मोजायचे सोडून तुम्ही झाडांवरची बांडगुळे काय मोजत बसलात?” गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, आमच्या पालकीय समितीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी चर्चच्या पायऱ्यांवर आम्हांस हा प्रश्न केला. भोवतालची मंडळी हसली, आम्हीही हसलो. पायऱ्यांवर वाद घालू नये, असा आमचा फार जुना नियम आहे. परंतु त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. एक वनस्पतिशास्त्राची आणि दुसरी ईशज्ञानाची. त्या चुका एकट्या त्या गृहस्थांच्या असत्या, तर आम्ही चहाच्या कपावर त्यांचे निरसन केले असते. पण त्या आपल्या सर्वांच्या आहेत आणि काही काळ आमच्याही होत्या. म्हणून हे उत्तर लेखी देत आहोत. त्या गृहस्थांनी राग मानू नये. ते आमचे स्नेही आहेत आणि हा अंक त्यांच्या घरी जातो, हे आम्हांस ठाऊक आहे.

प्रकरण असे आहे. आमच्या चर्चच्या मागे, तुंगारेश्वरच्या डोंगररांगेकडे चढत जाणाऱ्या उतारावर, धर्मग्रामाच्या मालकीची एक अरुंद पट्टी आहे. एका बाजूस दगडाची खाण, दुसऱ्या बाजूस चाळी आणि गाळे, वरच्या अंगास एक कच्चा रस्ता. तुंगारेश्वरच्या जंगलास २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, परंतु आमची पट्टी त्या सीमेच्या बाहेर आहे. एके काळी ती त्याच अरण्याची किनार असावी. आज ती त्याच्यापासून तुटलेला तुकडा आहे. ऐन, किंजळ, कुंभा, आसाणा, काकड, चार जुने आंबे आणि खाली करवंदीच्या जाळ्या. ही पट्टी सपाट करून तेथे वाहनतळ करावा आणि पुढेमागे एक सभागृह उभारावे, असा प्रस्ताव दीड वर्षापूर्वी समितीपुढे आला. प्रस्तावासोबत एका जाणकाराचे टिपण होते. जानेवारीतील एका दुपारी तासभर फिरून त्यांनी लिहिले होते की, रान खुरटे आहे, उपयोगी वृक्ष नाहीत आणि बऱ्याच झाडांवर बांडगुळे माजली आहेत.

आधी बांडगुळाचा निकाल लावू. बांडगूळ ही परोपजीवी वनस्पती आहे. तिची शोषक मुळे यजमान झाडाच्या फांदीत शिरतात आणि तेथून पाणी व क्षार ओढून घेतात. आंब्याच्या फांदीवर गाठ येते, पुढचा शेंडा वाळतो, हे प्रत्येक बागायतदाराने पाहिलेले आहे. झाडाच्या सालीला बिलगून वाढणाऱ्या, जाड पानांच्या आणि पांढुरक्या दोरीसारख्या मुळ्यांच्या ज्या वनस्पती टिपणात ‘बांडगुळे’ म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांना मराठीत आमरी म्हणतात. इंग्रजीतील ऑर्किड ती हीच. आमरी झाडाच्या आत शिरत नाही. ती सालीवर केवळ बसते. तिच्या मुळ्यांवर स्पंजासारखे एक आवरण असते. पावसाचे, दवाचे आणि सालीवरून ओघळणारे पाणी ते टिपून घेते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, ओले झाले की आतला हिरवा रंग उमटतो. पानांतून ती आपले अन्न आपण तयार करते. आंब्याकडून तिला हवी असते ती उंचीवरची जागा आणि उजेड, एवढेच. (जाता जाता बांडगुळाच्याही बाजूने एक शब्द: फुलटोचा नावाचा चिमुकला पक्षी तिच्या फळांवर जगतो आणि चिकट बिया फांदीला पुसून तिचा प्रसारही तोच करतो. देवाच्या राज्यात त्याही झाडाला काही काम नेमून दिलेले दिसते.)

हा भेद आम्हांस सेमिनरीत शिकविला गेला नाही. तो आम्ही कसा शिकलो, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वी दफनभूमीची सफाई चालू होती. कोपऱ्यात एक वयस्क आंबा होता आणि त्याच्या बुंध्यापासून खोडाच्या दुबेळक्यापर्यंत या वनस्पतींचे झुबके लागले होते. “झाडाला खाऊन टाकतील, खरवडून काढा,” अशी आज्ञा आम्हीच दिली. दोन माणसांनी कोयत्याने तासाभरात खोड स्वच्छ केले. ढीग पाल्यापाचोळ्यासह पेटविण्यात आला. डोंगरातून रानभाजी विकायला येणारी एक आदिवासी आजी फाटकापाशी टोपली घेऊन उभी होती. तिने ढिगाकडे पाहिले, मग झाडाकडे पाहिले आणि विचारले, “फादर, ती आंब्याचं काय खात होती?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. रात्री पुस्तके उघडली तेव्हा कळले की, त्या आजीच्या प्रश्नातच उत्तर होते. जळले ते काय होते, हे मात्र आजही सांगता येत नाही. व्हॅन्डा असेल, अकाम्पे असेल. फुलावाचून आमरीचे नाव निश्चित करणे कठीण असते आणि राखेला फूल येत नाही.

आता दुसऱ्या चुकीकडे, म्हणजे झाडे मोजणे हे धर्मगुरूचे काम नव्हे या समजुतीकडे येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वाळविलेल्या वनस्पतींचा एक मोठा संग्रह आहे. त्याचा आरंभ १९०६ साली झाला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस येशूसंघीय धर्मगुरू. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी फेरतपासणी त्यांनी चार्ल्स मॅककॅन यांच्यासह केली, तिचा आमरींविषयीचा भाग १९३१-३२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांच्यामागून आले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव, स्पेनमधील येशूसंघीय. खंडाळ्याच्या डोंगरांतील वनस्पतींवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५३ साली निघाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. कापडिया यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला, मुंबई इलाख्यातील आमरींवरचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला आणि १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पाचगणीच्या पठाराचे नाव धारण करणारी हॅबेनारिया पाचगणीएन्सिस ही आमरी शास्त्राला ज्या नावाने ठाऊक आहे, ते नाव या दोघांनीच दिलेले आहे. आणि ही केवळ परदेशी मिशनऱ्यांची हौस होती असे कोणी म्हणू नये. बंगळूरचे फादर सेसिल साल्ढाणा हे भारतीय येशूसंघीय. सह्याद्रीत आढळणाऱ्या काही चिमुकल्या आमरींसाठी १९७४ साली त्यांनी स्मिथसोनिया ही नवी प्रजाती प्रस्थापित केली आणि कर्नाटकातील हासन जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली बाहेर पडला.

हे सारे दीक्षित धर्मगुरू होते. आत्मे मोजायचे सोडून ते डोंगरात गेले, असे त्यांच्या वरिष्ठांनी म्हटले नाही. उलट त्यांना तेथे धाडले, वेळ दिला, कपाटे दिली. आज त्या कपाटांसमोर उभे राहून आपल्या महाविद्यालयांचा अभिमान मिरविणारे आपण, त्या कपाटांत जे आहे ते आपल्या चर्चच्या मागे जिवंत आहे की नाही, हे पाहायला दहा पावले चालत नाही. एके काळी ख्रिस्तसभेने जे काम ज्ञानसाधना म्हणून केले, ते आता आपल्याला थट्टेचा विषय वाटते. या बदलाचे आम्हांस खरोखर दुःख आहे.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात पाखरांचा आणि रानातल्या भूकमळांचा दाखला दिला, हे लहान मुलांनाही माहीत आहे. सेमिनरीत ग्रीक भाषेच्या तासाला आमची गती बेताचीच होती; तथापि एक गोष्ट मनात रुतून राहिली आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात पाखरांविषयी बोलताना जे क्रियापद येते, त्याचा अर्थ ‘नजर टाकून पाहा’ असा आहे. दोनच ओव्या पुढे, भूकमळांविषयी बोलताना, क्रियापद बदलते. तेथे ‘कातामाथेते’ असा शब्द आहे. त्याच्या पोटात ‘शिकणे’ हा धातू आहे. त्याचा अर्थ कसून शिका, नीट अभ्यासा असा होतो. आपण या उताऱ्यावर चिंता न करण्याविषयी असंख्य प्रवचने ऐकली आणि आम्ही ती दिलीही. फुलांचा अभ्यास करण्याची आज्ञा मात्र आपण सारेच ओलांडून गेलो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदाम जनावरांना आणि पाखरांना नावे देतो. वनस्पतींना त्याने नावे दिल्याचा उल्लेख तेथे नाही. ते काम पुढच्यांसाठी राहिले असावे.

तर हे काम आम्ही गेल्या वर्षी २४ जूनला, बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणाच्या दिवशी, आरंभिले. दृढीकरणाची तयारी करणारी नववी-दहावीची मुले, दोन शिक्षिका, एक निवृत्त बँक कर्मचारी आणि आम्ही. साधने म्हणजे सुंभाची दोरी, मोजपट्टी, एक दुर्बीण आणि दोन वह्या. उतारावर आडव्या दोऱ्या धरायच्या आणि दोरीच्या दोन्ही अंगांस ठरावीक अंतरात येणारे प्रत्येक झाड पाहायचे. झाड कोणते, घेर किती, साल कशी, आमरी खोडावर की फांदीवर, जमिनीपासून किती उंच, फूल आहे की फळ की नुसती पाने, हे लिहायचे. झाडाला खिळा ठोकायचा नाही, काही उपटायचे नाही, घरी न्यायचे नाही. वाऱ्याने पडलेल्या फांदीवर आमरी सापडली, तर ती शेजारच्या झाडाला सुतळीने बांधायची. आणि नाव ठाऊक नसेल तर ‘नाव निश्चित नाही’ असे लिहायचे. हा शेवटचा नियम मुलांना सर्वांत जड गेला. परीक्षेत रिकामी जागा सोडू नये असे शिकविलेल्या मुलांना अज्ञान अक्षरांत मांडणे फार कठीण वाटते. मोठ्यांना त्याहून कठीण वाटते, हे समितीवरील ते टिपण वाचले की ध्यानात येते.

पहिल्याच काही आठवड्यांत एक गोष्ट मुलांनी स्वतःहून ओळखली. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेल्या ऐनावर झुबके असतात. ज्यांची साल पापुद्रे सोडून गुळगुळीत राहते, त्या झाडांवर ते क्वचितच टिकतात. समितीच्या टिपणात ज्या झाडांना ‘निरुपयोगी’ म्हटले होते, ती हीच वेडीवाकडी, भेगाळलेली, जुनी झाडे.

परंतु आमच्या साऱ्या युक्तिवादाचे मूळ निराळ्याच गोष्टीत आहे आणि तेथे वाचकांनी आमच्याबरोबर थोडे थांबावे. आमरी वर्षभर दिसत नाहीत. त्यांचा एक पंचांग-क्रम आहे आणि तो आपल्या उपासनावर्षाशी इतका जुळतो की, आम्ही वहीत महिन्यांऐवजी सणच लिहू लागलो. राखेच्या बुधवारानंतर, प्रायश्चित्तकाळात, रान वाळून कोळ झालेले असताना डेन्ड्रोबियम बार्बाट्युलमच्या निष्पर्ण, वाळक्या दिसणाऱ्या कांड्यांवर पांढरी फुले येतात. फूल नसेल त्या दिवशी ती कांडी पाहणारा तिला मेलेलीच समजेल. पुनरुत्थानकाळात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, व्हॅन्डा टेसेलाटा फुलते. तिच्या पिवळसर-तपकिरी पाकळ्यांवर चौकटीचे जाळे असते. पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी खाली लोंबू लागते. तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा, पण आपल्या लोकांनी दिलेले नाव अधिक अचूक आहे. पेन्टेकॉस्टनंतर पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून काही दिवसांसाठी नर्व्हिलियाचे फूल वर येते. त्या वेळी तिला पान नसते. फूल सरले की मग एकच पान जमिनीलगत उलगडते आणि त्या पानावरून ओळख पटविणे हे महाकठीण काम. त्याच सुमारास जिओडोरम मान खाली घालून फुलते आणि फळ धरू लागले की ताठ होते. स्वर्गोन्नयनाच्या सणापासून मरिया मातेच्या जन्मोत्सवापर्यंत, म्हणजे १५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, गवतात हॅबेनारियाच्या पांढऱ्या तुऱ्यांचे दिवस. त्यांच्या फुलांमागे मधाची लांब नळी असते. जिची जीभ तेवढी लांब, ती पाकोळीच तिथवर पोहोचते. ऑक्टोबरचे ऊन तापले की जमिनीवरच्या या साऱ्या आमरी पाने टाकून कंदाच्या रूपाने मातीत जातात. नाताळच्या सुमारास ओलसर बांधावर बोटभर उंचीची झ्यूक्सीन दिसली तर दिसली.

आता विचारतो: जानेवारीतील एका दुपारी या उतारावर फिरणाऱ्या जाणकाराला काय दिसेल? झाडांवर काही वाळकी कांडी, काही जाड पाने आणि पायाखाली मुरूम. ‘येथे काही नाही’ हे त्याचे विधान त्या दुपारपुरते खरेही असेल. खोटे आहे ते त्या दुपारीवरून वर्षाचा निकाल देणे.

आणि हा आमच्या लहानशा धर्मग्रामाचाच दोष आहे असे नाही. केंद्र सरकारने १९९४ साली पर्यावरणावरील आघाताचे मूल्यांकन प्रकल्पांना बंधनकारक केले. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु त्यात शीघ्र मूल्यांकनाची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात एकाच ऋतूची माहिती पुरेशी मानली जाते आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा, असा संकेत आहे. यामागे कारण आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पावसात धूळ बसते, म्हणून हवेचे प्रदूषण मोजायचे तर कोरडे दिवसच घ्यावे लागतात. पण धुळीसाठी केलेला नियम फुलांना लागू झाला की काय होते? कोकणातील जमिनीवरची आमरी जे चार महिने डोके वर काढते, नेमके तेच चार महिने कागदावर येत नाहीत. ती मातीखाली असताना तिची चौकशी होते आणि ती गैरहजर असल्याचा शेरा पडतो. न्यायालयात एखाद्या माणसाविरुद्ध असा निकाल लागला असता, तर आपण सारे मोर्चा घेऊन गेलो असतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राच्या पस्तिसाव्या परिच्छेदात हेच दुखणे नेमके ओळखले आहे. प्रकल्पांचा विचार करताना माती, पाणी आणि हवा यांची काळजी केली जाते, परंतु जीवजातींच्या वैविध्यावर होणाऱ्या परिणामांचा बारकाईने अभ्यास क्वचितच होतो, अशा आशयाचे ते निरीक्षण आहे. बेचाळिसाव्या परिच्छेदात अशा संशोधनासाठी अधिक साधने द्यावीत असे आवाहन आहे. हे विश्वपत्र आपण वाचले. त्यावर शिबिरे घेतली. त्याची भित्तिपत्रके केली. मग वही आणि दोरी घेऊन उतारावर जाणाऱ्या मुलांना पाहून हसू का यावे?

येथे कोणी म्हणेल की, झाडे तोडली तर आपण दुप्पट लावू. हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, ५ जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की आम्हांस धडकीच भरते. त्या दिवशी आपल्या आवारांत खड्डे खणले जातात, छायाचित्रे काढली जातात, गुलमोहराची रोपे लावली जातात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. ऑस्ट्रेलियन बाभूळ कुठली, हे तिच्या नावातच आहे. आमची या झाडांवर काही वैयक्तिक नाराजी नाही. सावलीला ती बरी आहेत. पण आमरीची गोष्ट ऐका. तिच्या एकेका बोंडात हजारोंनी बिया असतात, धुळीसारख्या, वाऱ्यावर उडणाऱ्या. इतक्या हलक्या की त्यांच्यात कोंभासाठी अन्नाचा साठाच नसतो. बी सालीच्या भेगेत पडले तरी तेथे एका विशिष्ट प्रकारची सूक्ष्म बुरशी असावी लागते. तिच्याकडून अन्न मिळाले तरच ते रुजते. मग फुलापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात. म्हणजे आमरीला नुसते झाड पुरत नाही. जुने झाड, भेगाळलेली साल, सालीतील ओल, ओलीतली बुरशी आणि फुलावर येणारा कीटक एवढा सारा परिवार लागतो. एका ऐनाच्या बदल्यात दहा रोपे लावणारा मनुष्य यांपैकी काय परत देतो? मूळ अरण्याच्या जागी झाडांची लागवड केल्याने काय गमावले जाते, याचा हिशेब नीट होत नाही, हेही त्याच विश्वपत्राच्या एकोणचाळिसाव्या परिच्छेदात आहे. तो परिच्छेद भित्तिपत्रकांवर आम्ही अजून पाहिलेला नाही.

आणखी एक विसंगती सांगतो आणि ती सांगताना कोणत्याही कुटुंबाचे मन दुखवू इच्छीत नाही. लग्नसराईत आपल्या वेद्या जांभळ्या-पांढऱ्या ऑर्किडने सजविल्या जातात. बाजारात मिळणारे हे डेन्ड्रोबियमचे संकर. पेटीतून येतात, आठवडाभर टिकतात आणि महाग असतात. वेदीवर जिला एवढा मान, तिची सख्खी चुलतबहीण बाहेर आंब्यावर फुलली की तिला बांडगूळ म्हणून कोयता! नाताळच्या केकमध्ये आपण जो व्हॅनिला घालतो, तोही एका आमरीच्याच शेंगेचा. काही हौशी मंडळी याच्या उलट टोकाला जाऊन डोंगरातून आमरी ओरबाडून आणतात आणि गॅलरीत नारळाच्या करवंटीत बांधतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यातील बऱ्याच मरतात आणि मग पुन्हा डोंगर. वन्य जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स करार १९७३ साली झाला आणि १९७५ पासून अमलात आला. त्याच्या याद्यांत आमरींचे संपूर्ण कुल घेतलेले आहे. जगाने या कुलाच्या ओरबाडीची एवढी दखल घेतली आहे. दृढीकरणाच्या मुलांना आम्ही हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, “फादर, मग आमच्या गॅलरीतल्या परत नेऊन बांधू?” आम्ही होकार दिला. तिच्या आईचा आम्हांस फोन आला, तो संवाद येथे देत नाही.

आपले हिंदू शेजारी या बाबतीत आपल्याहून शहाणे ठरले आहेत, हे मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. देवाच्या नावाने राखलेल्या त्या लहानलहान तुकड्यांत, भोवतालचे रान गेल्यावरही, जुने वृक्ष उभे राहिले. तेथील फांदी तोडू नये, पडलेले लाकूडही नेऊ नये, असा दंडक. कोणी म्हणेल ती भीती होती. असेल. पण देव हा प्रेमस्वरूप आहे असे शिकविणाऱ्या आपण, भीती गेल्यावर त्या जागी प्रेम ठेवले का, हा प्रश्न आम्हांस रात्री पडतो. आपल्या टेकड्यांवर आपण क्रूस उभारले. क्रुसाभोवतीची जागा मात्र बहुतेक ठिकाणी सिमेंटची केली. वसईत ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासह हजारो भाविक रस्त्यावर उतरले. त्या पिढीने विहिरी आणि बागा यांसाठी लढा दिला. फादर दिब्रिटो २०२४ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ सभा घेणाऱ्यांनी आपल्या आवारात कोणती झाडे आहेत, याची एक यादी तरी करावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप आम्ही शेवटी ठेवला आहे, कारण तो प्रामाणिक आहे. “फादर, माणसे आधी. रविवारी गाड्या रस्त्यावर लागतात, वृद्धांना चालत यावे लागते, लग्नासाठी गरिबांना सभागृह परवडत नाही.” माणसे आधी, यात दुमत नाही. ती पट्टी एखाद्या बेघर कुटुंबासाठी मागितली गेली असती, तर हा लेख आम्ही कदाचित लिहिला नसता. निदान वेगळा लिहिला असता. पण येथे गरीब पुढे केला आहे आणि जागा मोटारीला हवी आहे. वृद्धांसाठी चर्चच्या दारापर्यंत रिक्षा येते. युवक संघटनेने पाळीपाळीने त्यांना आणण्याची तयारी दाखविली आहे. शाळेचे पटांगण रविवारी रिकामे असते आणि तेथे गाड्या लावण्यास शाळेची हरकत नाही, हे आम्ही विचारून घेतले आहे. सभागृहाचा प्रश्न खरा आहे, त्यासाठी जुन्या पाठशाळेच्या इमारतीवर मजला चढविता येईल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे. खर्च थोडा अधिक येईल. ही गोष्ट आम्ही लपवीत नाही.

आमच्या वहीत आजवर कोणतीही नवी किंवा दुर्मीळ आमरी सापडलेली नाही, हेही स्पष्ट सांगतो. कारण काही मंडळी कुजबुजत आहेत की, फादरांना वर्तमानपत्रात नाव हवे आहे. जे सापडले ते सांतापाव आणि कापडिया यांना पुरेपूर ठाऊक होते. अनेक ओळींपुढे अजून ‘नाव निश्चित नाही’ असेच आहे आणि त्या ओळींसाठी आम्ही एका महाविद्यालयातील अध्यापकांना छायाचित्रे दाखविणार आहोत. सामान्य, सर्वत्र असावी अशी आणि तरीही आपल्या आवारातून नाहीशी होत चाललेली ही फुले आहेत. ती आपल्याकडे आहेत, एवढाच आमचा शोध.

प्रस्तावाची फाइल सध्या आमच्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर आमची सही हवी आहे, हे वित्त समितीने तीन वेळा आठवण करून सांगितले. येत्या २४ जूनला वहीला वर्ष पुरे होईल. त्यानंतरची पालकीय समितीची बैठक सभागृहात न घेता उताराच्या माथ्यावर घ्यावी, अशी सूचना आम्ही चिटणिसांना दिली आहे: जुलैचा दुसरा शनिवार, सकाळी सात वाजता. सभासदांनी छत्री आणि गमबूट आणावेत. पायऱ्यांवर प्रश्न विचारणाऱ्या आमच्या स्नेह्यांसाठी दुर्बीण आम्ही आणू. वाट निसरडी असते, आणि वाटेच्या डाव्या अंगास, तिसऱ्या ऐनाखाली, नर्व्हिलियाची पाने जमिनीलगत पसरलेली असतील. तेवढी सोडून पाय टाकावा.